तळ्याकाठच्या बाईची दाढ

हाडांशी बोलायचं नाही, असा नियम प्रयोगशाळेच्या भिंतीवर कुठे लिहिलेला नव्हता. बाकी सगळं लिहिलेलं होतं. आत जाताना हातमोज्यांचे दोन जोड घालावेत, केस टोपीत कोंबावेत, मास्क नाकाखाली येऊ देऊ नये, शिंक आलीच तर दाराकडे पळावं. बोलण्याचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नसावं, आणि म्हणूनच ताईंचा नेम सतरा वर्षं बिनबोभाट चालला होता.

नेम साधाच होता. जुन्या हाडाला किंवा दाताला ड्रिल लावण्याआधी ताई क्षणभर थांबायच्या आणि मनातल्या मनात म्हणायच्या, ‘तुझं थोडं घेते. राग मानू नकोस.’ ओठसुद्धा हलायचे नाहीत. मग ड्रिल गुणगुणायला लागायचं, चिमूटभर पांढरी भुकटी कागदावर पडायची, आणि त्या भुकटीतून हजारो वर्षांपूर्वीचं माणूस कुणाच्या वंशातलं, कुठल्या दिशेनं चालत आलेलं, ते पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू उलगडायचं. अंगात कणकण असो की प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांची घाई असो, नेम चुकला नाही. विचारल्याशिवाय कुणाच्या घरात शिरू नये, एवढंच त्यामागं होतं.

तळ्याकाठची बाई आली त्या दिवशी मात्र गडबड झाली.

शहराबाहेरच्या तळ्याचा बांध दुरुस्त करताना ती सापडली होती. सात हजार वर्षांपूर्वीची. कुशीवर निजलेली, गुडघे पोटाशी घेतलेले, आणि कुशीत दीडेक वर्षाचं मूल. संग्रहालयानं दोघांना मातीच्या ठोकळ्यासकट उचलून नेलं. बाईच्या कवटीचा मातीच्या भारानं चुरा झाला होता. जबड्यात एकच दाढ शाबूत होती, ती प्रयोगशाळेकडे आली, सोबत मुलाचा एक दात. दाढेला मुळं दोन. एक आता वापरा, दुसरं राखून ठेवा, असं ठरलं.

ताईंनी आदल्या दिवशी त्या ठोकळ्याचा फोटो पाहिला होता. त्यानंतर त्यांचं मन जाग्यावर नव्हतं. आत, त्या पांढऱ्या खोलीत, दाढ चिमट्यात धरल्यावर त्यांना एकाएकी वाटलं, हिला मनातलं ऐकू जाणार नाही. फार लांबून आली आहे. फार गाढ झोपलेली आहे. आणि काय करतोय हे कळायच्या आत त्यांनी दोन बोटांनी मास्क हनुवटीखाली ओढला, वाकल्या, आणि चारचौघांत बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, “तुझं थोडं घेते गं. राग मानू नकोस.”

मग मास्क वर, नवे हातमोजे, ड्रिल, भुकटी. बाहेर आल्यावर नोंदवहीत ‘मास्क पूर्ण वेळ’ या रकान्यासमोर त्यांनी ‘होय’ लिहिलं. सतरा वर्षं तेच लिहीत आल्या होत्या. हाताला दुसरा शब्द माहीतच नव्हता.

तीन आठवड्यांनी निकाल आला.

प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ म्हणजे ब्लीचकाका. हे नाव त्यांना कुणी दिलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण ते जिथून गेले तिथं ब्लीचचा वास दरवळायचा, तेव्हा नाव चिकटायला वेळ लागला नसणार. ताईंच्या टेबलाशी येऊन ते म्हणाले, “ताई, जरा बसा.”

“बसलेच आहे की काका.”

“मग धरून बसा. तळ्याकाठची बाई तुमची खापरपणजी निघाली.”

ताई हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी कागद पुढे सरकवला.

त्या खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाची, झाडणाऱ्या बाईंपासून सरांपर्यंत, एकदा थुंकी घेतलेली असे. कुणाचा वंश कुठला, याची एक यादी केलेली होती. जुन्या हाडात आपल्यापैकी कुणाचा डीएनए मिसळला, तर यादीशी ताडून चोर पकडायचा. काका तिला चोरांची यादीच म्हणत. आपणच चोर, आपणच पोलीस. आणि आता दाढेतला आईकडून आलेला वंशाचा धागा त्या यादीतल्या ताईंच्या धाग्याशी तंतोतंत जुळत होता.

हा धागा फक्त आईच देते. मुलाला मिळतो, पण तो पुढे कुणाला देऊ शकत नाही. मुलगी देते. अशी आईकडून लेकीकडे, त्या लेकीकडून तिच्या लेकीकडे ती वाट चालत येते. ताईंचा धागा तर फारच विरळा. पुस्तकांत लिहिलं होतं की तो दीड हजार वर्षांपूर्वी होड्यांतून आलेल्या माणसांबरोबर या किनाऱ्याला लागला. तो सात हजार वर्षांपूर्वीच्या दाढेत निघाला, तर पुस्तकं पुन्हा लिहायची वेळ.

सर धावतच आले. साठीला टेकलेला माणूस, पण त्या दिवशी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आला होता.

“दोनच शक्यता,” ते म्हणाले. “एक तर घाण, नाहीतर घबाड. काका, टोकं बघितलीत?”

डीएनए जुना झाला की त्याच्या तुकड्यांची टोकं झिजतात, धुवून धुवून विरलेल्या कापडाच्या कडेसारखी. ताज्याची टोकं कोरी असतात. त्यावरून ओळखायचं.

“बघितली,” काका म्हणाले. “निम्मी झिजलेली, निम्मी कोरी. तुकडे आधीच थोडे हाती लागलेत. मुलाच्या दातातून तर काहीच निघालं नाही. यावरून छातीठोक कसं सांगणार?”

“पण झिजलेली आहेत ना काही? ताईंच्या हातून घाण होईल? सतरा वर्षांत एक डाग नाही.” सर ताईंकडे वळले. “सगळं नीट होतं ना त्या दिवशी? हातमोजे, मास्क?”

ताईंनी टेबलावरचा कागद सरळ केला. “नोंदवहीत आहे,” त्या म्हणाल्या.

खोटं नव्हतं. नोंदवहीत होतंच.

घरी सासूबाई दाराशीच होत्या. वय चौऱ्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र कामावर रुजू. ताईंचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. नातेवाइकांनी म्हातारीला आपल्याकडे न्यायची भाषा केली तेव्हा ती म्हणाली होती, “मला हिच्या हातचा चहा लागतो.” मग दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत राहिल्या.

“आज स्वारी हवेत दिसतेय,” सासूबाई म्हणाल्या.

ताईंनी चपला काढता काढता सांगितलं. तळ्याकाठची बाई, दाढ, धागा. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे तुझं माहेर सापडलं म्हण की.”

“तसंच काहीसं, आई.”

“सात हजार वर्षं कुठं होतं गं? लग्नात तर तुझ्याकडून चारच माणसं आली होती. त्यातला एक फोटोवाला.”

ताईंना हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. त्या चौदा वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. मावशी नाही, बहीण नाही. लेक नाही. ती वाट ताईंपाशी येऊन संपत होती, आणि हे त्यांना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं, गुणाकाराच्या पाढ्यासारखं, दुखत नसल्यासारखं. आता त्या वाटेच्या पार पलीकडच्या टोकाला कुणीतरी निजलेलं होतं.

पुढचे दिवस तंद्रीतच गेले. दुपारी बसच्या खिडकीला डोकं टेकलं की ताईंना त्या आया दिसायला लागायच्या. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली, तर सात हजार वर्षांत दोनशे ऐंशी आया. फार नव्हेत. एका नाटकगृहात मावतील आणि मागच्या दोन रांगा रिकाम्या राहतील. त्या एकीमागे एक उभ्या असायच्या, घराच्या जिन्यावरून खाली, रस्त्याच्या कडेनं, दुकानांच्या पाट्यांखालून, वळणापलीकडे. प्रत्येकीचा हात पुढचीच्या खांद्यावर. सगळ्यांत पुढे ताईंची आई, मनगटावर भाजल्याचा तो पांढरा डाग. तिच्यामागे आजी, फोटोतल्यासारखी करड्या रंगाची. तिच्यामागचीचा चेहरा ठाऊक नाही, पण कपाळ ओळखीचं. आणखी मागे गेलं की रस्ता नाहीसा व्हायचा, दुकानं नाहीशी व्हायची, पायाखाली गवत यायचं, गवताला पाण्याचा वास यायचा. अगदी शेवटी ती. पाठमोरी. कडेवर मूल. ताई तिला हाक मारायला जायच्या आणि नेमका कंडक्टर म्हणायचा, “बाई, तुमचा स्टॉप गेला.”

दोनदा स्टॉप गेला. एकदा दूध उतू गेलं. सासूबाई म्हणाल्या, “माहेरची ओढ चांगली, पण गॅस बंद करून जात जा.”

सरांनी लेख लिहायला घेतला होता. राखून ठेवलेलं मूळ फोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. “दुसऱ्या खेपेला काहीच निघालं नाही तर? हातचंही जाईल. आहे त्यावर भागवू. शेवटी तुमच्या नोंदीवर माझा विश्वास आहे.” हे ते इतक्या मायेनं म्हणाले की ताईंनी मान खाली घातली.

त्याच आठवड्यात दुसरं हाड आलं. डोंगरातल्या गुहेतलं, कुणा म्हाताऱ्याचं. ताई पांढऱ्या खोलीत गेल्या, हाड समोर ठेवलं, थांबल्या. ‘तुझं थोडं घेते,’ त्यांनी मनात सुरुवात केली, आणि पुढचे शब्द येईनात. मन कोऱ्या पाटीसारखं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच अडलं. जिच्या तोंडावर आपण श्वास सोडला, जिच्या नावावर आपला श्वास खपवतोय, तिला सोडून या म्हाताऱ्याकडे माफी कुठल्या तोंडानं मागायची? दहा मिनिटं त्या तशाच उभ्या राहिल्या. मग ड्रिल न लावता बाहेर आल्या.

बाहेर ब्लीचकाका ओट्याचा कोपरा घासत होते. त्यांच्या हातांची सालं निघाली होती, बोटांच्या पेरांवर चिरा.

“हे काय काका? हातमोजे?”

“हातमोजे घालून कोपरे नीट निघत नाहीत.” काका मान वर न करता म्हणाले. “सर काही म्हणोत ताई, निम्मी टोकं कोरी आहेत. कुठंतरी माझंच धुणं कमी पडलं. तुमच्या बाकावरून आलं असेल, नळीवरून आलं असेल. पंधरा दिवस झाले, सापडत नाही. भिंतीसुद्धा धुतल्या. आता छत राहिलंय.”

ताई तिथल्या स्टुलावर बसल्या. मनात दोनशे ऐंशी आया ओळीनं उभ्या होत्या, सगळ्यांचे चेहरे त्यांच्याकडे. कुणी रागावलेली नव्हती. वाट बघत होत्या, एवढंच.

“छत राहू द्या काका,” ताई म्हणाल्या, आणि उठून सरांच्या खोलीकडे गेल्या.

सर लिहीत होते. ताईंनी दार लावलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. सरांनी पेन खाली ठेवलं.

“मास्क किती वेळ खाली होता?”

“दोन वाक्यं.”

“वाक्यं? कुणाशी बोलत होता तुम्ही?”

“तिच्याशी.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही. “काय बोललात?”

“‘तुझं थोडं घेते,’ म्हणाले.”

सरांनी चष्मा टेबलावर ठेवला.

“आणि घेण्याऐवजी दिलंत,” सर म्हणाले. रागावून नव्हे. दमल्यासारखे. मग त्यांनी लेखाची पानं एकावर एक नीट रचली आणि खणात टाकली. “सहा महिने त्या खोलीत जायचं नाही तुम्ही. मला आवडतंय म्हणून नव्हे, पण हा नियम तुम्हीच लिहिलात. नोंदवहीतही दुरुस्ती करा, तुमच्या हातानं, तारखेसकट. उरलेलं मूळ काका फोडतील.”

“त्यात काही निघालं नाही तर?”

“तर ती कुणाचीच नाही,” सर म्हणाले.

मग ताईंनी काकांना सांगितलं. हातातला फडका त्यांनी पिळला, दांडीवर वाळत घातला, आणि मग म्हणाले, “सांगितलंत ते बरं केलंत. मी छतावर चढलो असतो, तर सहा महिने तुम्हाला माझी शुश्रूषा करावी लागली असती.” एवढ्यावर त्यांनी तो विषय मिटवला.

संग्रहालयानं परवानगी देताना एक गोष्ट जास्तीची दिली. मुलाच्या कानामागचं हाड. शरीरातलं सगळ्यांत घट्ट हाड ते. दात कोरडा निघाला तरी तिथं काही उरलेलं असू शकतं. काकांनी संग्रहालयात जाऊन ते काढलं, परत येऊन दाढेचं शेवटचं मूळ फोडलं. ताई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. काचेतून काकांची पाठ दिसत होती. ड्रिलचा आवाज इकडे पोचत नव्हता.

ताई एरवी रोज काही ना काही देवाकडे मागणाऱ्या. सासूबाईंचे गुडघे, शेजारच्या पोरीची परीक्षा, कुणाकुणाची खुशाली. त्या दिवसांत मात्र त्यांनी या बाबतीत तोंड उघडलं नाही. आपण मागितलं तर तराजूत आपलं वजन पडेल, असं त्यांना वाटलं. एकदा श्वास पडला तेवढा पुरे. त्या नुसत्या हात जोडायच्या आणि गप्प बसायच्या. बसमध्ये डोळे मिटले की ओळ दिसायची, पण आता ती मध्येच धुक्यात शिरायची आणि पलीकडच्या टोकाला कोण आहे ते कळायचं नाही.

महिन्यानं काकांनी ताईंना आणि सरांना बोलावलं. या खेपेला भरपूर निघालं होतं, आणि सगळी टोकं झिजलेली.

“तुमची नाही ती, ताई,” काका सरळच म्हणाले. “पहिल्या खेपेला दिसला तो तुमचाच श्वास; झिजलेली टोकं तेवढी तिची होती, पण धागा ओळखण्याइतकी नव्हती. तिचा धागा अगदी साधा आहे. रस्त्यावर दहा जणांना धरलं, तर चौघांत निघेल असा.”

“म्हणजे घाणच,” सर म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं, दोन्ही चेहऱ्यावर दिसत होतं.

ताईंनी मान हलवली. ओळीतल्या दोनशे ऐंशी आया हळूहळू पाठ फिरवून निघाल्या होत्या, कुठल्या तरी दुसऱ्या तळ्याकडे, जे अजून कुणी खणलेलं नव्हतं. थांबा म्हणायचा त्यांना हक्क नव्हता.

“थांबा, संपलं नाही,” काका म्हणाले. “मुलाचा धागा तिसराच आहे. बाईशी जुळत नाही. मग मी आईकडचा, बापाकडचा, सगळा डीएनए ताडून बघितला. काही म्हणजे काही नातं नाही. मावशी नाही, आत्या नाही, आजी नाही. मूल मुलगी होतं. पण त्या बाईची नव्हती.”

सर खुर्चीत मागे टेकले. “मग तिच्या कुशीत काय करत होती?”

“ते डीएनएत येत नाही,” काका म्हणाले. मग जरा घुटमळून, “एक सांगायचं राहिलं. कानामागचं हाड काढायला मी पोरीची कवटी उचलली ना, तर खाली माती नव्हती. बाईच्या हाताची बोटं होती. पाचही. पसरलेली, वाटीसारखी. उशाला हात दिला होता तिनं. कुणीतरी पुरताना दिला असेल. पण दिला होता.”

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. काकांनी कागद गोळा केले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी ताई सासूबाईंची नखं कापत होत्या तेव्हा संग्रहालयातल्या बाईंचा फोन आला. ठोकळा लोकांना बघायला मांडायचा होता, पाटी ‘आई आणि मूल’ अशी छापून तयार होती, आणि आता निकाल कळल्यावर पंचाईत झाली होती. “तुम्हीच सांगा काय लिहू. चूक छापायची नाही मला.”

ताईंनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, “लिहा. एक बाई, वय पस्तिशीच्या आसपास. एक मुलगी, दीड वर्षाची. दोघींचं एकमेकींशी रक्ताचं नातं नाही. बाईचा हात मुलीच्या डोक्याखाली.” पलीकडे लिहून घेतल्याचा हुंकार आला. ताईंनी फोन ठेवला आणि सासूबाईंचा हात पुन्हा हातात घेतला.

“नव्हती होय ती पोर तिची?” सासूबाई म्हणाल्या.

“नव्हती.”

“आणि ती तुझी नव्हती.”

“नाही, आई.”

सासूबाईंनी नखं कापलेली बोटं उजेडात धरून पाहिली. “सात हजार वर्षांनी आपल्या दोघींना कुणी खणून काढलं, तर काय सांगतील गं तुझी ती यंत्रं?”

“सांगतील, ह्या दोघी एकमेकींच्या कुणी नव्हत्या.”

“सांगू देत,” सासूबाई म्हणाल्या. “आपल्याला कुठं ऐकू येणारंय तेव्हा. करंगळी राहिली बघ.”

ताईंनी करंगळीचं नख कापलं. कात्री खाली ठेवली. मग फोन उचलून त्याच नंबरावर परत लावला.

“मीच बोलतेय,” त्या म्हणाल्या. “शब्द तेच राहू द्यात. क्रम तेवढा बदला. आधी हात लिहा. रक्ताचं शेवटी, आणि बारीक अक्षरात चालेल.”